छातीवरची काळी रेघ

दिवाळीच्या आगेमागे आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर एक शिंजीर येऊ लागला. वेळ ठरलेली, सकाळी साडेसात ते आठ. फुलाच्या तोंडातून चोच घालण्याचे कष्ट तो घेत नसे. बुडाशी भोक पाडून मध चोरायचा आणि पुढच्या फुलाकडे वळायचा. मी पडद्याआडून पाच दिवसांत दोनेकशे फोटो काढले. त्यातला एक बरा निघाला. पाठ पिंगट हिरवी, पोट फिकट पिवळं, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत उतरलेला एक काळपट पट्टा. तो पट्टा मला देठाची सावली वाटला. संगणकावर ब्रश घेऊन मी तो पुसून टाकला, डोळ्यातली चमक जरा वाढवली, खाली ‘जांभळा शिंजीर, मादी’ असं लिहिलं आणि पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. भरपूर अंगठे आले.

दोन दिवसांनी गटातल्या एका काकूंनी हळूच विचारलं, ‘मूळ फोटो ठेवलाय का हो? पंखाच्या खांद्याशी निळसर चमक दिसतेय. मादीला ती नसते.’ मूळ फोटो होता. तो पाठवला आणि पाच मिनिटांत उत्तर आलं: हा नर आहे. विणीचा हंगाम सरला की जांभळ्या शिंजिराचा नर आपला झळाळता पोशाख उतरवून ठेवतो आणि मादीसारखा साधा दिसू लागतो. छातीवरून उतरणारी काळी रेघ तेवढी राहते. मी जिला डाग समजून पुसलं, त्या रेघेवरूनच तो नर आहे हे कळणार होतं.

चूक लहान आहे. कुणाचं काही बिघडलं नाही. तरीही ती मला बरेच दिवस टोचत राहिली, कारण माझा हेतू फसवण्याचा नव्हता आणि परिणाम मात्र फसवणुकीचाच झाला. फोटो सुंदर करण्याच्या नादात मी एका पक्ष्याचं लिंग बदललं होतं आणि शे-दीडशे लोकांनी ते खरं मानलं होतं.

हौशी माणसानं काढलेला पक्ष्याचा फोटो ही आधी साक्ष असते आणि मग चित्र, असं माझं मत या प्रकारानंतर पक्कं झालं. ते अनेकांना पटत नाही. ‘आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत का? रविवारी दोन तास विरंगुळा म्हणून जातो, त्यात साक्ष-पुरावा कशाला?’ असं एका स्नेह्यांनी मला सरळ विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या देशात पक्ष्यांबद्दल जे कळतं त्यातला मोठा वाटा या रविवारवाल्यांनीच गोळा केलेला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा होता, आणि त्यामागे तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी होत्या. हे तीस हजार लोक म्हणजे बँकेतले, शाळेतले, निवृत्त झालेले, कॉलेजात जाणारे. बहुतेक नोंदी नुसत्या याद्यांच्या असतात. पण एखादी अनपेक्षित नोंद आली, की ती तपासणारे स्वयंसेवक पहिला प्रश्न ‘फोटो आहे का?’ हाच विचारतात. त्या क्षणी तुमचा विरंगुळा पुरावा होतो. तो कधी होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक फोटो तसा काढलेला आणि ठेवलेला बरा.

फोटोखाली आपण नाव लिहितो, तशी संग्रहातल्या पक्ष्याच्या पायाला गाव आणि साल सांगणारी चिठ्ठी बांधलेली असते. ती खोटी असली तर किती किंमत पडते, याची एक गोष्ट आपल्याच मातीतली आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड. त्याचं पहिलं वर्णन १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केलं. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले तेच हे ह्यूम. पक्ष्यांचं वेड त्यांना राजकारणाच्या आधीपासून होतं. पुढच्या काही वर्षांत या पक्ष्याचे मोजके नमुने मिळाले, त्यातले काही खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेले. १८८४ नंतर खात्रीचा नमुना नाही. एक अपवाद कागदावर होता: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला, १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी पायाला बांधलेला पक्षी. साहजिकच नंतरच्या काळात शोधणारे लोक त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून गेले आणि हात हलवत परत आले.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी माइनर्ट्झहागेनचा संग्रह बारकाईनं तपासायला घेतला. तो नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, म्हणजे मूळचा डेव्हिडसनचाच निघाला. त्यात पुन्हा पेंढा भरून नवी चिठ्ठी बांधली होती. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून, खऱ्या चिठ्ठ्यांवरची जुनी गावं शोधत निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी एका झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. एकशेतेरा वर्षांनी. त्यांनी त्याला मारलं नाही, त्याचे फोटो काढले.

या गोष्टीतला पक्षी अस्सल होता, पिसं अस्सल होती. खोटं होतं ते फक्त पायाला बांधलेल्या चिठ्ठीवरचं गाव आणि साल. माझ्या गॅलरीतल्या शिंजिराची गोष्ट रानपिंगळ्याच्या शेजारी ठेवणं म्हणजे राईचा पर्वत आहे, हे मला कळतं. पण आज चिठ्ठी बांधण्याचं काम तज्ज्ञांच्या हातात राहिलेलं नाही. खिशात फोन असलेला प्रत्येक माणूस रोज अशा चिठ्ठ्या लिहितो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. संगणकावर आपण जी डागडुजी करत बसतो तिच्यातली बरीचशी बटण दाबण्याआधीच टाळता येते, असा माझा अनुभव आहे. नवशिक्याला वाटतं, लांब पल्ल्याची लेन्स नाही म्हणून आपले फोटो वाईट येतात. लेन्सचा फायदा होतो, नाही असं नाही. पण पक्षी तुमच्यापासून वीस फुटांवर निवांत बसत असेल तर ७०-३०० ची साधी लेन्स पुरते, आणि तो निवांत बसतो की नाही हे पैशावर अवलंबून नसतं. मी पहिलं वर्ष पक्ष्यांच्या मागे धावण्यात घालवलं आणि उडून चाललेल्या शेपट्यांचा मोठा संग्रह केला. दुसऱ्या वर्षी एका जागी बसायला शिकलो.

गॅलरीत किंवा अंगणात मातीचं पसरट परळ ठेवा. पाणी दोन बोटं, फार तर तीन. बुलबुलाला उभं राहून अंघोळ करता आली पाहिजे. पाणी रोज बदलायचं, नाहीतर पक्ष्यांआधी डास येतील आणि डेंग्यू घेऊन येतील. परळाशेजारी एखादी वाळकी, थोडी वाकडी फांदी बांधा. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही, आधी जवळ बसून चहूकडे बघतो, आणि तुमचा फोटो त्या बघण्याच्या चार-पाच सेकंदांत असतो. फांदीमागे लगेच भिंत नको. मागची झाडी पंधरा-वीस फूट दूर असली तर ती आपोआप धूसर होते; मग संगणकावर पार्श्वभूमी पुसत बसायची वेळ येत नाही. आणि परळ अशा उंचीवर ठेवा की तुम्ही आत खुर्चीवर बसल्यावर पक्ष्याचा डोळा तुमच्या डोळ्याच्या रेषेत येईल. वरून काढलेल्या फोटोत पक्षी केविलवाणा दिसतो, खालून काढलेल्यात नुसतं पोट दिसतं. खिडकीच्या काचेतून फोटो काढायचा असेल तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि खोलीतला दिवा बंद करा, प्रतिबिंब जातं.

उजेडाबद्दल लोक सकाळच्या उन्हाचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण आमच्याकडचा पावसाळ्यातला ढगाळ उजेड मला जास्त आवडतो. कडक सावल्या नसतात, हिरवा रंग भडक होत नाही, चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं जळत नाही. आयएसओ वाढवावा लागतो, फोटोत कण दिसतात, दिसू देत. कण नंतर कमी करता येतात, हललेला फोटो मात्र कुठल्याच उपायानं स्थिर होत नाही. म्हणून शिंजीर किंवा शिंपी यांच्यासारख्या चुळबुळ्या पक्ष्यांना सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद शटर ठेवा. होला बसला असेल तर अडीचशेवा भागही चालतो, होला कुठं जात नाही.

कॅमेऱ्याच्या एका खोडीची माहिती असली की निम्मं काम होतं. समोरचं सगळं जग मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून तो उजेड मोजतो. त्यामुळे चौकट भरून कावळा घेतलात तर तो त्याला राखाडी करून टाकतो, आणि चौकट भरून बगळा घेतलात तर तोही राखाडी होतो. कावळ्याच्या वेळी एक्स्पोजर थोडं खाली, बगळ्याच्या वेळी थोडं वर. पण पांढरा बगळा गडद झाडीसमोर छोटासा दिसत असेल तर उलटं, म्हणजे खाली करावं लागतं, नाहीतर त्याची पिसं पांढरा ठोकळा होऊन जातात. एकदा जळलेलं पांढरं परत येत नाही. संगणकावर आपण त्या जागी काही भरलंच तर ते आपल्या मनातलं असतं, बगळ्याचं नसतं.

इथून खरा वाद सुरू होतो. माझ्या ओळखीत दोन टोकांचे लोक आहेत. एक म्हणतात, ‘मी फोटोला हातही लावत नाही, कॅमेऱ्यातून आला तसा दाखवतो.’ ते हे अभिमानानं म्हणतात. मला त्यांचा दावा पोकळ वाटतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते, आणि त्यातल्या निम्म्या हिरव्या असतात. म्हणजे प्रत्येक बिंदूला तीनपैकी एकच रंग मोजता येतो. उरलेले दोन कॅमेरा शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून, गणित करून ठरवतो. त्यावर तो स्वतःच धार चढवतो, कण घासतो, रंग खुलवतो. फोन तर एका फोटोसाठी अनेक फोटो काढून त्यांची मोट बांधतो. तेव्हा ‘हात न लावलेला फोटो’ म्हणजे कारखान्यातल्या इंजिनिअरनं हात लावलेला फोटो. त्यानं तुमच्या शिंजिराला कधी पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलं आहे.

आणि काही वेळा हात न लावणं हेच खोटं ठरतं. हिवाळ्यात येणारे वटवटे घ्या. आंब्याच्या गर्द झाडाखाली बसलेल्या वटवट्याच्या पोटावर पानांचा हिरवा उजेड पडतो, आणि मुळात मळकट पांढरं असलेलं पोट फोटोत हिरवट-पिवळं दिसतं. या पक्ष्यांची ओळख भुवईची रेघ, पंखावरचा पट्टा, पायांचा रंग अशा तपशिलावर पटते. तिथे रंगाची एक झाक बदलली की जात बदलते. व्हाइट बॅलन्स नीट केला तर तुम्ही खोट्याकडून खऱ्याकडे जाता.

मग खरा रंग कुठला, असं विचाराल तर शिंजीर पुन्हा हजर आहे. विणीच्या दिवसांतला नर उन्हात जांभळा-निळा लखलखतो आणि सावलीत शिरला की कोळशासारखा काळा. त्याची ती झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या उजेडाची आहे. कोन बदलला की ती जाते. काळा दिसलेला शिंजीर खराच काळा दिसला होता. सॅच्युरेशनचा स्लायडर ओढून सावलीतल्या नराला जांभळा करणारा माणूस जो उजेड त्या सकाळी तिथं नव्हताच तो दाखवतो. पक्ष्यांना अतिनील किरणंही दिसतात, तेव्हा शिंजिराच्या मादीला तो नर कसा दिसतो हे आपल्याला कुठल्याच कॅमेऱ्यातून कळणार नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी स्लायडरवरचा हात आपोआप हलका होतो.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, ‘ही कला आहे. चित्रकाराला कुणी विचारतं का, ही फांदी खरंच होती का म्हणून?’ त्यांच्याशी माझं भांडण नाही, जोवर ते चित्र म्हणून दाखवतात. आकाश बदला, चंद्र आणा, दोन पक्षी एका फांदीवर बसवा आणि खाली तसं लिहा. मात्र ते लिहिलं जात नाही. ‘आज सकाळी तळ्यावर’ असंच लिहिलं जातं, आणि त्या तीन शब्दांनी चित्राची साक्ष होते.

माझी कसोटी म्हणाल तर अशी: जे केलं ते फोटोखाली एका ओळीत लिहायला संकोच वाटेल का? ‘क्रॉप केला, उजेड वाढवला, कण कमी केले’ हे मी बिनधास्त लिहीन. ‘डोळ्यात चमक घातली, मागचा पक्षी पुसला’ हे लिहिताना माझा हात अडखळेल, म्हणून ते करायचं नाही. पुसण्याच्या बाबतीत मी अलीकडे फार कंजूष झालो आहे. पूर्वी कोतवालाच्या फोटोतली विजेची तार पुसायचो. मग एकदा लक्षात आलं, की आमच्या भागातले कोतवाल दिवसभर तारेवरच असतात, तिथूनच किड्यांवर झेप घेतात. तार पुसून मी त्यांचा पत्ताच पुसत होतो. आता तार राहते, एसीचा डबाही राहतो. चौकटीत पक्षी चिमटीएवढा असला तरी मला चालतं. तो कुठं राहतो ते दिसतं.

सध्याचा मोठा धोका मात्र ब्रशात नाही, तो कण काढणाऱ्या नव्या हुशार प्रोग्रॅममध्ये आहे. अंधुक, कणाकणाचा फोटो दिला की ते क्षणात स्वच्छ करून देतात, पिसन् पीस मोजून घ्यावं असं. पण ती पिसं येतात कुठून? पुष्कळ फोटोंवरून शिकून, अशा जागी बहुधा असा पोत असतो या अंदाजानं ती भरली जातात. कुठे नसलेलं उगवतं, कुठे असलेलं घासून जातं. आपल्या रोजच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ दिसत नाहीत. संध्याकाळी सहा वाजता काढलेल्या पिंगळ्याच्या फोटोवरून असा बोळा फिरवला आणि डोक्यावरचे ठिपके गुळगुळीत झाले, तर गावातला पिंगळा रानपिंगळा होऊन बसेल. मी हे प्रोग्रॅम वापरतो, थोड्या मात्रेत, आणि नंतर मूळ फोटो शेजारी ठेवून डोकं, छाती आणि पंख ताडून बघतो. एवढं करायचं नसेल तर कण राहू द्यावेत.

संपादनाबद्दल एवढं बोलल्यावर एक कबुली दिली पाहिजे: फोटोतलं सगळ्यात मोठं खोटं बहुधा संगणकावर घडतच नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रणाची स्पर्धा जगात मोठी मानली जाते. तिथे २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च मान मिळाला आणि पुढच्या जानेवारीत तो काढून घेतला गेला. लांडगा पाळीव असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. २०१७ च्या एका विजेत्या फोटोत वारुळाकडे निघालेला मुंगीखाऊ होता. तो पेंढा भरलेला असावा असं २०१८ मध्ये ठरलं. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. बघण्यासारखं हे, की दोन्ही प्रकरणांत आक्षेप फोटोवर केलेल्या कामाला नव्हता. जे होतं ते लेन्ससमोर होतं.

आमच्या हौशी जगात पाळीव लांडगे कुणी आणत नाही. आम्ही शेव-गाठी आणतो. भिगवणला हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर कुरव येतात, आणि होडीतून मूठभर फरसाण उधळलं की ते पन्नासेक एकदम डोक्यावर घोंगावतात. फोटो झकास येतो. नावाड्याला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावं, की तो पाहुण्याला हवं ते देतो. पाहुण्यानं ‘नको’ म्हटलं तर पुडा फुटत नाही. दुसरं आमिष आवाजाचं. पक्ष्यांची ओळख पटवणारी ॲप फोनवर आहेत आणि त्यांच्यात आवाजही आहेत. दयाळाचं गाणं त्याच्याच हद्दीत वाजवलं, की दुसरा नर घुसला असं समजून तो तावातावानं पुढे येतो, शेपटी उभारून गातो. फोटो मिळतो. शत्रू मात्र सापडत नाही. पंधरा मिनिटं त्याला शोधण्यात गेलेली सकाळ ही पिल्लांना भरवण्याची सकाळ असते.

घरट्यांचं तर विचारूच नका. शिंपी दोन-तीन पानं शिवून घरटं करतो ते लपण्यासाठी. फोटोला मोकळी जागा हवी म्हणून त्याच्यापुढची पानं छाटणारे लोक आहेत. फोटो होतो, माणूस निघून जातो, आणि उघडं पडलेलं घरटं कावळ्याला दिसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हेही येतं. शिकार हा शब्द कायद्यानं वापरलेला आहे, मी नाही. विणीच्या काळात घरट्याचा फोटो मी काढत नाही आणि दुसऱ्याच्या तशा फोटोला अंगठाही देत नाही. गटात यावरून थोडा कडवटपणा आला, तो मी पत्करला आहे.

यावर एक हुशार आक्षेप येतो: ‘तुम्ही पडद्याआड लपता, पाणी ठेवता, फांदी बांधता. तेही फसवणंच की!’ खरं आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून पोकळ बैल केला होता आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते बसत. याहून मोठी फसवणूक कुठली? पण त्या बैलामुळे पक्ष्याचं काही गेलं नाही. चरणारं एक जनावर समोर आहे असं समजून तो आपलं काम करत राहिला. आमचा पडदा तसाच आहे. दयाळाला फसवलं तर त्याची सकाळ जाते. म्हणून फसवलं की नाही यापेक्षा फसल्यामुळे कुणाचं काय गेलं हे मी पाहतो, आणि हाच हिशेब बघणाऱ्यालाही लावतो: माझ्या फोटोवर विश्वास ठेवून त्याचं काय गेलं? शिंजिराच्या बाबतीत काकूंची पाच मिनिटं गेली. रानपिंगळ्याच्या बाबतीत शोधणाऱ्यांच्या खेपा गेल्या.

पाण्याबद्दल माझं मन निर्धास्त आहे, दाण्यांबद्दल नाही. गॅलरीत रोज ज्वारी-बाजरी टाकली की चिमण्या येतील या आशेनं सुरुवात होते आणि महिन्याभरात तिथे पारव्यांचं राज्य होतं. त्यापेक्षा झाड लावावं. ज्यांना अंगण आहे त्यांनी पांगारा किंवा उंबर, ज्यांना गॅलरी आहे त्यांनी जास्वंद. आणि ज्यांना दोन्ही नाही त्यांनी फेब्रुवारीत जवळची एखादी काटेसावर शोधून तिच्यापासून थोडं लांब उभं राहावं. पानं गळलेली, फांद्या मोकळ्या, लाल फुलांवर बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, भोरड्यांचे थवे. आमिष झाडानंच ठेवलेलं. नवशिक्यासाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

एक गुंता राहतो. चिठ्ठी खरी हवी म्हणजे गाव, तारीख, वेळ हवी. आणि घुबडाच्या ढोलीचं ठिकाण जाहीर केलं की पुढच्या रविवारी तिथे तीस लेन्स उभ्या राहतात. खरं लिहिणं आणि सगळ्यांना सांगणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की हा गुंता सुटतो. ईबर्डसारख्या नोंदवहीत काही नाजूक जातींची ठिकाणं सर्वांना दिसत नाहीत, अभ्यासाला मात्र उपलब्ध राहतात. गटावर ‘पुणे जिल्हा’ एवढंच लिहावं आणि फोटो दोन-तीन आठवड्यांनी टाकावा. आपल्या वहीत मात्र झाडापर्यंतची नोंद असू द्यावी.

शिंजिराचा तो फोटो मी पुन्हा केला. रेघ आहे तशी ठेवली, डोळ्यातली वाढवलेली चमक काढली, खाली ‘जांभळा शिंजीर, नर, विणीनंतरची पिसं’ असं लिहिलं आणि आधीची चूकही सांगितली. यावेळी अंगठे निम्मेसुद्धा आले नाहीत. नोंदीत भरायला म्हणून फाइलमधली तारीख पाहिली, तर तिथे दिवाळी नव्हतीच. १ जानेवारी २०१५, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. बॅटरी पूर्ण संपल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलं होतं आणि मी ते लावलं नव्हतं. किती महिने, कोण जाणे. दोन-तीनशे फोटोंच्या चिठ्ठ्या मला आठवून आठवून दुरुस्त कराव्या लागल्या, काही तर सोडूनच दिल्या. तेव्हा मूळ फाइल डिलीट करू नका, आणि आज रात्री जेवण झाल्यावर तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का तेवढं बघा.